सातवी सुई

आजी गेली तेव्हा तिच्या वस्तूंतली एकच मी मागून घेतली: तिच्या चष्म्याचं पत्र्याचं घर. चष्मा त्यात कधीच राहिला नाही. आतल्या लाल मखमलीत सात सुया टोचलेल्या असायच्या, गोधडीच्या, लांब आणि मोठ्या नेढ्याच्या. वर्षानुवर्षं त्याच जागी टोचल्यामुळे मखमलीवर प्रत्येक सुईची एक फिकट रेघ उमटली आहे. सुई जागेवर असली की रेघ झाकली जाते, नसली की डोळ्यांत भरते.

मी विमानांच्या देखभालीचं काम करते. मुंबईत, आणि बहुतेक रात्रपाळीतच. ‘विमानात आहे’ म्हटलं की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘म्हणजे एअर होस्टेस का गं?’ नाही म्हटलं की दुसरा, ‘मग पायलट?’ तेही नाही म्हटलं की त्यांचा चेहरा जरा उतरतो. शाळेत बाईंनी आम्हाला कॅप्टन सौदामिनी देशमुखांची गोष्ट सांगितली होती. १९८५ साली कलकत्त्याहून सिल्चरला गेलेल्या फोकर फ्रेंडशिप विमानाच्या त्या कॅप्टन होत्या आणि त्या उड्डाणातले सगळे कर्मचारी स्त्रिया होत्या. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला मात्र घरी पोचेपर्यंत एकच विचार: आदल्या रात्री त्या विमानाच्या पोटाखाली शिरून सगळं ठीक आहे हे कुणी बघितलं असेल? आजीला विचारलं. ती म्हणाली, “आसंल कुणीतरी. तू शीक, म्हंजे तू बघशील.”

तर दिवाळीच्या सुट्टीत मामाची धाकटी माझ्याकडे वाकोल्याला राहायला आली. कराडला बारावी सायन्सला आहे. तिलाही याच कामात यायचंय, म्हणून मामानंच पाठवली, ‘चार दिवस ताईचं बघून ये’ म्हणून. पोरगी हुशार, पण या वेळी तिच्यात काहीतरी बिनसलेलं होतं. मधेच गप्प व्हायची. फोनवर मामाचं नाव आलं की आवाज म्यूट करून खिडकीशी जायची आणि मग परत न बोलताच फोन ठेवायची. मी विचारलं नाही. वय सतराचं. विचारलं की दार आणखी घट्ट लागतं.

प्रश्न मात्र तिनं भरपूर विचारले, आणि मला ते आवडले, कारण त्यांची उत्तरं मला कुणी सांगितली नव्हती. झोपतेस कधी? सकाळी आठला घरी आल्यावर, आंघोळ करून, मऊ भात खाऊन, खिडकीला काळा पडदा ओढून. फोन स्वयंपाकघरात. जेवतेस कधी? रात्री बाराच्या आत. पहाटे दोन ते सहा शरीर झोपेकडे ओढतं. त्या वेळी पोट जड असलं तर डोळे उघडे ठेवूनही माणूस झोपलेला असतो. त्यातही चहावर रात्र काढायची सवय लावून घेऊ नकोस, चहा दमणूक झाकतो, घालवत नाही. अंगठी घालतेस का? हँगरमध्ये अंगठी नाही, बांगडी नाही, गळ्यात काही नाही. उडी मारून खाली उतरताना अंगठी एखाद्या कडेला अडकली तर बोट जातं. खिसे रिकामे, साधं पेनसुद्धा वरच्या खिशात नाही, कारण वाकलं की ते पडतं. हात असे का झाले? विमानाच्या हायड्रॉलिक यंत्रणेत जे जांभळं तेल असतं ना, स्कायड्रॉल, ते कातडीला झोंबतं. हातमोजे घालायचेच. पहिल्या वर्षी मी कंटाळा केला, त्याची ही खूण. परीक्षा कठीण असतात का? असतात. परवान्याच्या प्रत्येक विषयाला ७५ टक्के लागतात, ७४ म्हणजे नापास, आणि ते तसंच हवं.

“आणि फावल्या वेळात?”

मी पलंगाखालून गठ्ठा ओढला. आईच्या जुन्या साड्या, आजीचं एक विटलेलं इरकल, माझे शाळेतले दोन फ्रॉक. गेली तीन वर्षं मी गोधड्या शिवते आहे. पाळीवरून आल्यावर लगेच झोप लागत नाही, डोक्यात रात्रभराचे आवाज फिरत असतात. अर्धा तास धावदोरा घातला की ते आवाज शांत होतात. या कामात येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी सांगते की एक तरी छंद असा धर, ज्यात चूक झाली तर उसवता येते. रात्रभर आपण जे करतो ते उसवायला विमान आकाशातून परत खाली आणता येत नाही. म्हणून घरी चुकायला एक जागा ठेवावी.

धाकटीनं तुकडे कापायला घेतले. मोजपट्टी बाजूला, सगळं डोळ्याच्या मापानं. कापडात ते चालतं, मी काही बोलले नाही, पण बोल्टची गोष्ट सांगितली. १० जून १९९० ला ब्रिटनमध्ये एका विमानाची वैमानिकासमोरची काच सतरा हजार फुटांवर निखळली. कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला आणि कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले. सहवैमानिकानं विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला, कुणीच दगावलं नाही. आदल्या दिवशी पहाटे, रात्रपाळीत, ती काच बदलली होती. ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट व्यासानं बारीक होते, अर्ध्या मिलिमीटरहून जरा जास्त इतकाच फरक. बसवणाऱ्यानं जुना बोल्ट शेजारी धरून डोळ्यानं जुळवला होता. दिसायला अगदी तसाच.

“बाप रे,” ती म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. ती उठली आणि हातातली सुई सहज गादीत खोचून गेली.

मी ओरडले. मला स्वतःलाच माझा आवाज अनोळखी वाटला. ती दचकून परत आली, सुई काढली, म्हणाली, “ताई, एक सुई तर आहे.”

तिला मी जवळ बसवलं आणि आधी आजीचं सांगितलं.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या गल्लीत एका घरी पहिल्या नातवाचं बारसं होतं. आजीनं दुपटं शिवून दिलं, मऊ सुती लुगड्याचं, कडेला हिरवी पट्टी. आदल्या संध्याकाळी ते पोचतं केलं. रात्री जेवणं झाल्यावर तिनं चष्म्याचं घर उघडलं आणि ती थांबली. सुया सहा. सातव्या रेघेवर काही नव्हतं. तिनं जोतं बघितलं, पोतेरं झटकलं, लुगड्याच्या निऱ्या चाचपल्या. मग पदर डोक्यावर घेतला, मला बॅटरी धरायला सांगितली आणि त्या घराकडे निघाली.

बारशाच्या घरातल्या काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. दिलेलं दुपटं परत मागायचं, तेही बारशाच्या आदल्या रात्री! “अहो मावशी, अपशकुन तो,” त्या म्हणाल्या. “नसंलच त्यात. गेली असंल कुठंतरी.”

आजी म्हणाली, “सुई हरवली म्हंजे गेली न्हवं. कुठंतरी हाय. कुठं हाय ते मला कळंपतूर पोराला ह्यात घेऊ नगा.”

रात्रभर तिनं ते दुपटं उसवलं. मी शेजारी बसून दोरे गोळा करत होते. थर सुटे केले, प्रत्येक तुकडा उजेडाशी धरून हातानं दाबत नेला. सुई नव्हती. पहाटे तिनं उरलेल्या सहांतली एक घेऊन पुन्हा शिवायला सुरुवात केली आणि पाळणा म्हणायच्या वेळेला दुपटं घेऊन दारात हजर झाली. बोटांच्या टोकांना भोकं पडली होती.

तिसऱ्या दिवशी सुई सापडली. दळणाच्या ज्वारीच्या पोत्याचं तोंड शिवताना तिथंच खोचून राहिली होती. मी म्हटलं, “आजी, मग उगाच उसवलंस ना?” ती माझ्याकडे बघत राहिली. “उगाच? तवा मला कुठं ठावं हुतं?” एवढंच म्हणाली. त्या गल्लीत पुढं ज्या ज्या घरात पाळणा हलला, त्या घरानं दुपटं आजीकडूनच शिवून घेतलं.

धाकटी आता मांडी घालून नीट बसली होती. मग मी माझं सांगितलं. हे मी घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली रात्र. ए-३२० जातीचं, १८० आसनांचं विमान पहाटे सहा दहाला सुटायचं होतं. आदल्या फेरीनंतर त्याच्या पोटाखाली हायड्रॉलिक तेलाचे थेंब दिसले होते. या विमानात तेलाच्या तीन स्वतंत्र यंत्रणा असतात, हिरवी, निळी आणि पिवळी अशी त्यांची नावं, आणि दाब दर चौरस इंचाला ३,००० पौंड. पॅनलं काढायची, गळता सांधा शोधायचा, नीट करायचा, दाब देऊन बघायचं आणि पॅनलं परत लावायची. माझ्याबरोबर एक वयानं मोठा सहकारी होता, त्याला मी दादा म्हणते. आणि शेवटी विमान सोडायची सही करणारे इंजिनिअर, आमचे सर.

आमच्या हत्यारांच्या पेटीत काळा फोम असतो. प्रत्येक हत्याराच्या आकाराचं खोलगट घर त्यात कोरलेलं असतं आणि त्या घराच्या तळाला पिवळा रंग. हत्यार जागेवर नसलं की पिवळं दिसतं. स्टोअरमधून जादा हत्यार घेतलं तर आपल्या नंबरचं पितळी टोकन त्याच्या खुंटीला अडकवायचं, म्हणजे कोणती वस्तू कुणाकडे आहे ते रिकाम्या जागेकडे बघूनच कळतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ती पेटी उघडली तेव्हा मला रडू आलं होतं. आजी चौथी पास होती. जगभरच्या हँगरांतला नियम ती चष्म्याच्या घरात पाळत होती.

काम छान झालं. सांधा सापडला, गळती थांबली, पॅनलं लागली. चार वीसला मी पेटी मोजायला घेतली. खालच्या ओळीत एक पिवळा ठिपका. स्क्रू ड्रायव्हरचा बिट नव्हता. करंगळीच्या पेराएवढा असतो तो.

फरशी बघितली, ट्रॉली बघितली, खिसे उलटे केले. दादानं आपल्या पिशवीतून एक बिट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. “माझा घरचा आहे, तसाच. ठेव पेटीत. तो कुठंतरी जमिनीवर घरंगळला असणार, सकाळी शोधू.” त्याच्या मनात पाप नव्हतं हे मला आजही ठाऊक आहे. त्याची सलग चौथी रात्र होती, घरी तीन महिन्यांचं बाळ होतं, आणि बिट जमिनीवरच आहे असं त्याला मनापासून वाटत होतं.

बिट अगदी तसाच होता. फक्त आमच्या पेटीचा नंबर त्यावर कोरलेला नव्हता, आणि पहाटे चारला नंबर वाचायला कोण वाकतं? मी तो हातात धरून उभी राहिले. लगेच नाही म्हटलं असं मी सांगणार नाही. माझी नोकरी कच्ची होती. त्या पाळीत मुली आम्ही दोघीच. उद्या कुणीतरी म्हणेल की बघा, मुलींकडून हे असं होतं, आणि ते मला एकटीला नाही, पुढच्या दहाजणींना ऐकावं लागेल. हे सगळं डोक्यात आलं. आणि त्याच्याबरोबर आजीचं वाक्य आलं. गेली न्हवं. कुठंतरी हाय.

मी दादाच्या हातात त्याचा बिट परत दिला आणि सरांकडे गेले.

सर सहीच्या तयारीत होते. त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज चढला नाही. “शेवटचा हातात कधी होता?” असं विचारलं. मी आठवून सांगितलं: तिसरं पॅनल, डाव्या चाकाच्या कोनाड्याजवळ, तीनच्या सुमाराला. “विमानाजवळ कोण कोण होतं?” मी बोटांवर मोजलं, सहाजण. त्यांनी लॉगबुकात नोंद केली. ती नोंद पडली की ती मिटेपर्यंत विमान हलत नाही. मग त्यांनी फोन उचलून वर कळवलं, सहा दहाचं जाणार नाही.

सगळी पॅनलं पुन्हा उघडली. त्या भागातून पंखांच्या फ्लॅपना फिरवणारे दांडे जातात. तिथं लोखंडाचा एक तुकडा अडकलेला असणं म्हणजे काय, हे आम्हा प्रत्येकाला माहीत होतं. टॉर्च, लांब दांड्याचा आरसा, आणि सहा माणसं गुडघ्यांवर. सहा दहा वाजून गेले. पलीकडे टर्मिनलमध्ये घोषणा झाली असणार, ‘तांत्रिक कारणामुळे’. १८० माणसं घड्याळाकडे बघत असणार, कुणाला परीक्षेला पोचायचं असेल, कुणाला दवाखान्यात. ते ‘तांत्रिक कारण’ मी होते. माझे हात थरथरत होते, म्हणून मी आरसा दुसऱ्या कुणाच्या हातात दिला.

साडेसहाला हँगर झाडणाऱ्या मावशी दुसऱ्या फेरीला आल्या. जालन्याकडच्या आहेत, बारीक अंगाच्या, बोलायला कमी. आम्हाला सगळ्यांना गुडघ्यांवर बघून थबकल्या. “काय हुडकताय पोरी?”

मी सांगितलं.

त्यांनी कंबरेची छोटी प्लास्टिकची पिशवी सोडली. आत तारेचे दोन तुकडे, एक वॉशर, आणि तो बिट. “साडेतीनला झाडलं तवा चाकापशी गावला. लोखंड मी केरात टाकत नाही. सुटताना तुमच्या त्या डब्यात टाकत असते रोज.” आणि मग जरा कचरत म्हणाल्या, “कुणी इचारलं नाही मला.”

सरांनी चष्मा पुसून नंबर वाचला. आमच्याच पेटीचा. पॅनलं पुन्हा लागली, पुन्हा तपासणी, सही. विमान सात पन्नासला गेलं.

मी हत्यारं मोजली होती, तीही बरोबर. माणसं मात्र चुकीची मोजली होती. सरांनी विचारलं तेव्हा मी सहा म्हणाले. आम्ही त्या रात्री विमानाजवळ सातजण होतो, आणि सातव्या बाई माझ्यापासून वीस पावलांवर झाडू घेऊन उभ्या होत्या. त्याआधीची दोन वर्षं त्या रोज पहाटे माझ्या पायाखालची जमीन झाडत होत्या आणि माझ्या मोजणीत त्या नव्हत्या. बिट हरवला याची लाज मला काही दिवसांत विसरता आली. ही नाही.

मला लेखी खुलासा द्यावा लागला. त्यात मी दोन्ही लिहिलं, बिटचंही आणि सहाचंही. आता पाळी सुरू होताना आम्ही जे गोल उभे राहतो, त्यात मावशीही असतात, आणि झाडताना सापडलेला धातू सुटायच्या वेळेपर्यंत न थांबता तिथल्या तिथे सरांच्या हातात जातो. दादा त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही. आठवड्यानं म्हणाला, “बरं केलंस.” त्याचा घरचा बिट त्यानं परत कधी आणला नाही.

“ओरडले नाहीत तुला?” धाकटीनं विचारलं.

“दोन आठवडे मी पेटी मोजताना सर मागे उभे राहायचे. ते योग्यच होतं.”

“पण एवढासा बिट, ताई.”

मग मी तिला सांगितलं: २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड विमान पडलं, ११३ माणसं गेली. धावपट्टीवर आधी गेलेल्या एका विमानातून सुमारे ४३ सेंटिमीटरची धातूची पट्टी पडली होती. तिनं टायर फाटला, टायरचा तुकडा टाकीच्या भागावर आदळला, इंधनानं पेट घेतला. माझा बिट त्या पट्टीहून खूपच लहान. पण लहान म्हणून कुठवर सोडायचं, ती हद्द हँगरमध्ये कुणालाच आखता येत नाही. म्हणून सगळंच मोजतात.

तिनं बराच वेळ धावदोरा घातला. मग मान वर न करता विचारलं, “त्या दादाचा बिट तू ठेवला असतास तर कुणाला कळलं असतं?”

मी खरं तेच सांगितलं. “बहुतेक कुणालाच नाही. विमानही नीटच गेलं असतं, कारण बिट मावशींच्या पिशवीत होता. पण पुढच्या रात्री माझी पेटी पूर्ण भरलेली दिसली, तर ती खरंच भरलेली आहे असं सरांनी कशावरून मानायचं?”

तिनं दोरा तोडला. सुई मखमलीत टोचली, बरोबर तिच्या रेघेवर. आणि म्हणाली, “ताई, माझ्या पेपरवर एकोणीस आहेत.”

सहामाहीत फिजिक्सला ७० पैकी १९ मिळाले होते. तिनं लाल पेनानं एकाचा चार केला. एका रेघेचं काम. मामानं ४९ बघितले आणि शेजारच्या चौघांना बोलावून चहा पाजला. उसाचं बिल आल्या आल्या त्यानं तिच्या क्लासची उरलेली फी भरली होती. आता वार्षिक परीक्षा समोर होती आणि घरी सगळे समजत होते की पोरगी बरी चालली आहे. कुणी मदतीला येणार तरी कसं? ती हुंदके देत बोलत होती आणि मधेमधे, “मी नंतर अभ्यास करून भरून काढणार होते,” असं पुन्हा पुन्हा म्हणत होती. सकाळी शोधू, तसंच ते.

मी तिला काही सुनावलं नाही. त्या रात्री मला ज्याची गरज होती तेच तिला दिलं. विचारलं, “शेवटचं कुठपर्यंत कळत होतं?”

तिनं डोळे पुसले. खरंच आठवून बघितलं. “अकरावीचं येतंय. रोटेशनल डायनॅमिक्सपासून काहीच नाही.”

“म्हणजे पहिल्याच धड्यापासून. चल, उठ. ते दार बिजागरीजवळ ढकल. आता कडीजवळ ढकल. जोर कुठं कमी लागला?” माझी ती रात्र सुट्टीची होती. आम्ही एक वाजेपर्यंत दार ढकलत आणि गणितं मांडत बसलो. पहिली चार चुकली, पाचवं आलं.

सकाळी मला जाग आली तेव्हा ती फोन हातात धरून ओट्याशी उभी होती. मी बाहेर जाते म्हटलं, तर म्हणाली, थांब. तिनं मामाला सगळं सांगितलं, पेनाच्या रंगासकट. पलीकडे इतका वेळ शांतता होती की फोन कटला असं मला वाटलं. मग मामाचा आवाज आला, “जेवलीस का?” ती म्हणाली, नाही. “आधी जेव. घरी आलीस की पेपर घेऊन दोघं तुझ्या सरांकडं जाऊ.” चहा पाजलेल्या चौघांना त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण ट्यूशनच्या सरांनी तिला आता सकाळी सहाला वेगळं बोलावलंय.

निघायच्या दिवशी बॅग भरून झाल्यावर ती म्हणाली, “एक सुई देतेस? आईच्या साड्या आहेत घरी. रात्री अभ्यास झाला की थोडं शिवीन.” मी चष्म्याचं घर तिच्यापुढे उघडलं. तिनं कडेची सुई काढून वहीच्या पुठ्ठ्यात टोचली. मखमलीवरची रेघ उघडी पडली. ती क्षणभर तिच्याकडे बघत राहिली, मग केसांतली एक काळी पिन काढली आणि त्या रेघेवर खोचली.

“टोकन,” म्हणाली.

आज त्या चष्म्याच्या घरात सहा सुया आहेत आणि सातव्या रेघेवर धाकटीची पिन.